नागीण कपाळावर, मग डोळा का फिरेना?

कपाळावर नागीण उठली, आठ-दहा दिवस आग-आग झाली, फोड फुटले, खपल्या धरल्या. घरातले म्हणाले, सुटलात एकदाचे. आणि मग एखाद्या सकाळी भिंतीवर एकाच्या जागी दोन कॅलेंडरं दिसतात, नाहीतर वरची पापणी अर्ध्यावर येऊन थांबते ती काही केल्या वर जात नाही. त्रास कातडीला होता, तो तर बरा झाला. मग डोळा फिरायचा का थांबला? इथं आल्यावर बहुतेक माणसं 'वारं गेलं' नाहीतर 'मेंदूत गाठ झाली' या दोन टोकांपैकी एकावर जाऊन बसतात. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. पण 'नागिणीचंच आहे, जाईल आपोआप' म्हणून घरी बसणंही चूक.

नागीण कातडीवर दिसते, पण ती येते नसेतून. नस म्हणजे इथं मज्जातंतू, रक्ताची शीर नव्हे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू, व्हेरिसेला झोस्टर, अंगातून निघून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी पेशींच्या छोट्या गाठी असतात, तिथं तो पन्नास-साठ वर्षंसुद्धा गप्प पडून राहतो. वय वाढलं, साखर वाढलेली राहिली, स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू झाली, की प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडतो आणि हा जागा होतो. नागीण बाहेरून लागत नाही, आतलाच जुना विषाणू पुन्हा उठतो, हे १९६५ साली नीट मांडलं ते कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेनं नव्हे, तर इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावातल्या एडगर होप-सिम्पसन या फॅमिली डॉक्टरनं. वर्षानुवर्षं आपल्याच पेशंटच्या नोंदी ठेवून त्यांनी हे ताडलं होतं.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस दोन्ही बाजूंना एकेक असते. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी. तिला तीन फांद्या. पहिली फांदी कपाळ, डोक्याचा पुढचा भाग, वरची पापणी, खुद्द डोळा आणि नाकाचा शेंडा सांभाळते. या फांदीवर नागीण उठली की ती डोळ्याची नागीण. नागिणीच्या एकूण रुग्णांत साधारण १० ते २० टक्क्यांना ती या जागी होते. फोड कपाळाच्या बरोबर मध्यावर येऊन थांबतात, पलीकडे जात नाहीत, कारण पलीकडची नस वेगळी. छातीवरच्या नागिणीचंही तेच. 'नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो' असं आपल्याकडे अजून सांगतात, पण ती एका बाजूच्या नसेपुरतीच असल्यानं असा वेढा पुरा होत नाही.

फोड यायच्या आधी दुखणं येतं, आणि तिथंच पहिली गल्लत होते. माझ्या मामांचं गुऱ्हाळ कागलच्या अंगाला. ऐन हंगामात त्यांचं डावं कपाळ चुरचुरायला लागलं, केसांतून फणी फिरवली तरी झिणझिण्या. काहिलीची वाफ लागली असेल म्हणून त्यांनी खोबरेल तेल चोळलं आणि पुन्हा चुलवाणापाशी जाऊन बसले. दोन दिवसांनी भुवईच्या वर लालसर गांध्या उठल्या आणि त्यांत पाणी भरलं. एका बाजूचं कपाळ विनाकारण जळतंय, कातडीला हात लावू देत नाही, आणि वय पन्नासच्या पुढं आहे, तर फोडांची वाट पाहत रोज आरशात बघायला हरकत नाही.

फोड नाकाच्या शेंड्यावर किंवा नाकाच्या कडेला आले तर जास्त जपावं. नाकाच्या टोकाला जाणारी बारीक फांदी आणि डोळ्याच्या आत जाणारी फांदी एकाच डहाळीतून फुटतात, त्यामुळे तिथं फोड म्हणजे डोळ्याच्या आतही विषाणू पोचल्याची शक्यता बरीच वाढलेली. जोनाथन हचिन्सन या इंग्रज सर्जननं एकोणिसाव्या शतकात ही खूण टिपली, आणि ती अजूनही त्याच्याच नावानं ओळखली जाते. मात्र नाक स्वच्छ आहे म्हणून डोळा सुरक्षित, असा उलटा हिशेब करू नये.

फिरवणाऱ्या नसा तर वेगळ्या

खरा गुंता इथं आहे. पाचवी नस डोळ्याला संवेदना देते, डोळा फिरवायचं काम तिचं नाही. ते काम तीन दुसऱ्या नसांचं: तिसरी, चौथी आणि सहावी. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू. त्यातले चार एकटी तिसरी नस चालवते, वरची पापणी उचलते आणि बाहुली लहान करते तीही तीच. चौथीकडे एकच स्नायू, डोळा खाली नाकाकडे वळवताना लागणारा. सहावीकडेही एकच, डोळा कानाच्या दिशेनं नेणारा.

मग कपाळाच्या नसेतला विषाणू यांच्यापर्यंत पोचतो कसा? शेजारामुळे. कवटीच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना, शिरेच्या रक्तानं भरलेला एकेक छोटा कप्पा असतो. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. त्याच्या बाहेरच्या भिंतीत तिसरी, तिच्याखाली चौथी आणि त्याखाली पाचवीची फांदी अशा एकावर एक असतात. सहावी तर कप्प्याच्या आतूनच, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला चिकटून जाते. पाचव्या नसेची ती गाठ, जिथं विषाणू इतकी वर्षं पडून होता, याच कप्प्याच्या मागे आहे. पुढं या सगळ्या जणी हाडातल्या एका अरुंद फटीतून डोळ्याच्या खोबणीत शिरतात. एवढ्या दाटीत एकीला सूज आली तर बाकीच्यांना झळ लागायला फार अंतर नाही.

झळ लागते ती तीन-चार वाटांनी. विषाणू सरळ शेजारच्या नसेत शिरतो. किंवा या नसांना रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या धमन्यांना सूज येते आणि नस उपाशी पडते. किंवा खोबणीतला मऊ भाग आणि खुद्द स्नायूच सुजतात. चौथी वाट प्रतिकारशक्तीची: विषाणूला मारायला आलेल्या पेशी नसेच्या आवरणालाच ओरबाडतात. एका पेशंटमध्ये यातलं एकच घडतं असं समजायचं कारण नाही. पण शेवटची वाट लक्षात घेतली की एक कोडं सुटतं: डोळा अडतो तो बऱ्याचदा फोड उठल्यावर एक ते चार आठवड्यांनी, म्हणजे कातडी सुकत आलेली असताना. विषाणूचा जोर ओसरतो तेव्हा अंगाची उलटी धावाधाव शिगेला पोचलेली असते. 'आता तर बरा होतो, आणि हे काय नवीन?' या तक्रारीचं उत्तर हे.

नागिणीच्या थोड्याच रुग्णांना हा त्रास होतो. ज्यांना होतो त्यांच्यात तिसऱ्या आणि सहाव्या नसेचं प्रमाण जास्त, चौथीचं कमी. कधी दोन-तीन नसा एकदम बसतात.

दोन का दिसतात

दोन डोळे म्हणजे एका जुवाला जुंपलेली बैलजोडी. दोघं एकाच वेळी, एकाच दिशेनं, सारख्याच वेगानं चालले तर तास सरळ पडतो. एक बैल मागं राहिला की नांगर तिरका. डाव्या डोळ्याची सहावी नस दुबळी झाली तर डावीकडे बघताना उजवा डोळा पुरा वळतो आणि डावा मधेच अडतो; मेंदूला दोन वेगळी चित्रं मिळतात आणि माणसाला एकाशेजारी एक दोन वस्तू दिसतात. डावीकडे बघावं तितकं अंतर वाढतं. लांबचं जास्त दुहेरी, जवळचं कमी. अशी माणसं नकळत मान डावीकडे वळवून बसतात, म्हणजे डावा डोळा वळवावा लागत नाही. चौथी नस गेली तर चित्रं एकावर एक, थोडी तिरकी, आणि त्रास नेमका पायऱ्या उतरताना, ताटात बघून जेवताना, पेपर वाचताना. मान दुसऱ्या खांद्याकडे कललेली. तिसरी गेली तर पापणी खाली, डोळा बाहेर आणि थोडा खाली सरकलेला.

मामांना तिसऱ्या आठवड्यात हे सुरू झालं. चहा बशीत ओतायला गेले आणि धार बशीच्या कडेला लागून टेबलावर सांडली. मोतीबिंदू पिकला असेल, असा घरच्यांचा अंदाज. मी म्हटलं, "मामा, एक डोळा झाका बघू हातानं." त्यांनी झाकला. "आरं, आता एकच बशी हाय की!" मग दुसरा झाकायला लावला. तेव्हाही एकच. एवढ्या साध्या गोष्टीनं बरंच कळतं. दोनपैकी कुठलाही डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबलं, तर गडबड डोळ्यांच्या जोडीत आहे, म्हणजे नसेत किंवा स्नायूत. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोन दिसत असतील, तर गडबड त्याच डोळ्याच्या आत आहे: मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, किंवा नागिणीनंच बुबुळावर आणलेला व्रण. डॉक्टरकडे जाताना हे आणि आणखी तीन गोष्टी सांगता आल्या तर त्यांचं काम सोपं होतं: चित्रं शेजारी-शेजारी दिसतात की वर-खाली, कुठल्या बाजूला बघितल्यावर वाढतात, आणि लांबचं जास्त दुहेरी की जवळचं.

पापणीचंही नीट बघावं. पापणी उघडत नाही आणि पापणी मिटत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी. मिटत नाही, तोंडही वाकडं झालंय, चूळ भरताना पाणी गळतंय, तर ती सातवी नस, चेहऱ्याचे स्नायू हलवणारी. लोक 'वारं गेलं' म्हणतात ते बहुधा हे. उघडत नाही, ती तिसरी. पापणी कधी नुसत्या सुजेनंही खाली येते, ती सूज उतरली की वर जाते. मात्र सुजेच्या आड तिसरी नस लपलेली असू शकते, म्हणून डॉक्टर बोटानं पापणी उचलून डोळा चारही दिशांना फिरवायला सांगतात.

तिसऱ्या नसेच्या बाबतीत एक फसगत हटकून होते. पापणी पूर्ण मिटलेली असेपर्यंत तो डोळा काही बघतच नाही, त्यामुळे दुहेरी दिसण्याचा प्रश्न येत नाही. महिन्या-दीड महिन्यानं नस सावरायला लागते, पापणी उचलते, आणि त्या दिवसापासून दोन-दोन दिसायला लागतं. माणूस हादरतो: आजार वाढला. प्रत्यक्षात पापणी आधी सुधारली, डोळ्याचे स्नायू अजून मागं आहेत, एवढंच.

नागिणीच्या नावावर दुसरं काही खपू नये

कपाळावर खपल्या आहेत म्हणजे डोळा अडण्याचं कारण तेच, असं डॉक्टरही लगेच धरत नाहीत. मधुमेहात बारीक धमनी बंद होऊन तिसरी किंवा सहावी नस अशीच बसते. मेंदूतल्या धमनीला फुगवटा आला आणि तो तिसऱ्या नसेवर दाबला, तर पापणी पडते, बाहुली मोठी होते आणि डोकं फुटेल असं दुखतं. तिथं एक तासही घालवू नये. आणि २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलेली काळी बुरशी, म्युकरमायकोसिस, तीही साखर वाढलेल्या माणसाच्या डोळ्यामागं शिरून हेच करते. नाकातून काळपट खपली, टाळूवर काळा डाग, गाल बधिर, डोळा पुढं आलेला, असं काही असेल तर नागीण विसरून तातडीनं रुग्णालय गाठायचं. म्हणूनच साखर तपासतात, गरजेप्रमाणे मेंदूचा आणि डोळ्याच्या खोबणीचा एमआरआय करतात. चाळिशीच्या आतल्या माणसाला डोळ्याची नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणीही सुचवतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, प्रतिकारशक्ती का ढळली ते शोधायचं असतं.

खुद्द नागिणीतही एक प्रकार जास्त गंभीर आहे. खोबणीच्या टोकाशी, जिथं फिरवणाऱ्या तिन्ही नसा आणि दृष्टीची नस एकत्र येतात, तिथं सूज आली तर डोळा कुठंच वळत नाही, पुढं येतो आणि नजरही मंदावते. रंग फिके दिसणं ही त्याची लवकर कळणारी खूण. इथं गोळ्यांवर भागत नाही, भरती करून शिरेतून औषध द्यावं लागतं. तसंच डोळ्याच्या नागिणीनंतरचे काही महिने अर्धांगाच्या झटक्याचा धोका थोडा वाढलेला असतो, कारण विषाणू मेंदूच्या धमन्यांनाही सूज आणू शकतो. हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं याकडे त्या काळात काणाडोळा नको.

औषध आणि उतारा

विषाणूवरचं औषध आहे आणि ते जुनं, परिचित आहे. असायक्लोव्हिर, हे ज्यांच्या कामातून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा फायदा सगळ्यात जास्त. उशीर झाला तरी डोळ्याच्या नागिणीत ते बहुधा देतातच. मोठ्या माणसाला नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस. आता आपल्याकडे सकाळ-दुपार-संध्याकाळ ही गोळ्यांची घडी अंगात मुरलेली. पाच वेळा म्हटलं की निम्मे लोक तीनवरच थांबतात. घरात कुणाच्या तरी मोबाइलला गजर लावावा. त्याच्याच जातीचं व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळाच घ्यावं लागतं, पण महाग असतं. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करतात, म्हणून तो आधी सांगावा, आणि पाणी भरपूर प्यावं. औषध न घेतल्यास सुमारे निम्म्या रुग्णांच्या डोळ्याला काही ना काही होतं. घेतल्यावर हे प्रमाण बरंच खाली येतं.

नस बसल्यावर स्टिरॉइड द्यायचं का, हे डॉक्टर पेशंट बघून ठरवतात, आणि ते विषाणूवरच्या औषधाच्या सोबतीनंच. मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे' म्हणून आणलेले स्टिरॉइडचे थेंब आपल्या मनानं घालणं हा मात्र निव्वळ आगाऊपणा.

आता काव, शेंदूर आणि मंत्र. नागीण उतरवून देणारा माणूस आमच्या बाजूला दर चार गावांत सापडतो, आणि 'त्यानं काव लावली आणि पंधरा दिवसांत सुकली' हे सांगणारे खोटं बोलत नसतात. कातडीवरची नागीण दोन ते चार आठवड्यांत स्वतःहूनच सुकते. मंत्र नसता तरी सुकली असती. पण पहिले तीन दिवस तिकडं गेले की औषधाची खरी वेळ हुकते, पापणीवर थापलेला रंग डोळ्यात उतरतो तो वेगळाच. मामांचेही दोन दिवस असेच गेले. ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे चला, मग पाहिजे तिथं जा, एवढंच म्हणतो. कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेत्रविभाग आहे, आणि ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय असल्यानं मेडिसिनचा विभागही तिथंच.

अडलेला डोळा लवकर फिरवणारी गोळी नाही. दिलासा असा की बहुतेकांचा डोळा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पुरता किंवा जवळजवळ पुरता सावरतो. तोवर दुहेरी दिसण्यावर उपाय साधा: एक डोळा झाकायचा. चष्मा असेल तर एका काचेवर पांढरी चिकटपट्टी लावली तरी भागतं, काळ्या पट्टीपेक्षा ती बरी दिसते. मोठ्या माणसात झाकल्यानं डोळा आळशी होत नाही, ती भीती लहान मुलांपुरती. चष्म्याच्या काचेवर चिकटवायची प्रिझमची पातळ पट्टीही मिळते, ती दोन चित्रं एकावर एक आणते; पण नस सुधारत जाईल तशी ती बदलावी लागते. गाडी मात्र बंद. एक डोळा झाकला की समोरचा ट्रक किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि मोटारसायकलवरून गगनबावड्याचा घाट उतरायची ती वेळ नव्हे. घरात जिन्याला कठडा धरूनच उतरावं. डोळे तिरळे राहिलेच, तर निदान सहा महिने वाट पाहून, मोजमाप स्थिर झाल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करतात.

फोड ओले असेपर्यंत त्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. तान्हं बाळ आणि गरोदर बाई यांना लांब ठेवावं, टॉवेल वेगळा ठेवावा. खपल्या धरल्या की ही काळजी संपली.

लस आहे. शिंग्रिक्स नावानं ती २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही डॉक्टर ती देऊ शकतात. मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांत ती ९७ टक्के परिणामकारक ठरली. दंड एक-दोन दिवस ठणकतो, कणकण येते. किंमत सामान्य घराला जड जाईल अशीच आहे आणि सरकारी लसीकरणात ती अजून नाही. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, पण ऐन आजारात नाही; कातडी आणि डोळा शांत झाल्यावर, कधी घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून.